फिलाडेल्फियाची बचतपेढी व तिचीं घरें

संस्थांचे इतिहास लिहिण्याचा एक ठराविक सांचा होऊन बसला आहे. आरंभीं संस्थापकांचीं छायाचित्रें, मागून ठेवींचे चढते आंकडे, मध्यें एखाद्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाचा प्रसंग, आणि अखेरीस हितचिंतकांचे आभार. या सांच्यांत इमारत ही नेहमीं शोभेची बाब ठरते. पेढी म्हणजे काय तें हिशेबाच्या वह्यांत पाहावें, इमारत म्हणजे केवळ तिचें कवच, अशी समजूत त्याच्या मुळाशीं असते. इतर पेढ्यांच्या बाबतींत ही समजूत कदाचित् चालून जाईल. परंतु जिला सेव्हिंग्ज बँक म्हणतात, व जिला या लेखांत आम्ही बचतपेढी म्हणणार आहों, तिच्या बाबतींत ती साफ चुकीची आहे असें आमचें मत आहे. व्यापारी पेढीशीं व्यवहार करणारा मनुष्य ताळेबंद वाचूं शकतो. आठवड्याच्या मजुरींतून चार नाणीं बाजूस काढून आणणारी मोलकरीण, गाडीवान किंवा शिंपी यांना तो वाचतां येत नाहीं, आणि वाचतां आला तरी त्यांना तितकी सवड नसते. त्यांच्यापुढें वाचावयास असतें तें पेढीचें दार, तिच्या भिंती, तिची खिडकी आणि त्या खिडकीआड बसलेल्या कारकुनाचा चेहरा. या वर्गाला पेढी जें वचन देते तें दगडविटांत देते. वचन म्हटलें कीं तें कोणत्या भाषेंत दिलें आणि पुढें पाळलें कीं नाहीं, हे दोन्ही प्रश्न टीकाकाराच्या अधिकारांत येतात.

या दृष्टीनें पाहण्यासारखें एक उदाहरण अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत आहे. 'फिलाडेल्फिया सेव्हिंग फंड सोसायटी' या नांवाची तेथील बचतपेढी १८१६ सालीं निघाली आणि १९९२ सालीं बंद पडली. या १७६ वर्षांत तिनें शहरांत अनेक घरें बांधिलीं. त्यांपैकीं शेवटलें मोठें घर जगाच्या स्थापत्याच्या इतिहासांत नांवाजलें गेलें आहे. त्या एका घरावर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें. पण तें बहुतेक स्थापत्याच्या अभ्यासकांनीं लिहिलेलें असल्यामुळें त्यांत इमारत पुष्कळ आणि पेढी थोडी असा प्रकार झाला आहे. उलट पेढीच्या अखेरीवर लिहिणारे कायदेपंडित व अर्थशास्त्री इमारतीकडे ढुंकूनहि पाहत नाहींत. हीं दोन्ही अंगें एकत्र ठेवून पाहिल्यावांचून खरें मर्म हातीं लागत नाहीं, म्हणून हा प्रपंच.

बचतपेढीच्या कल्पनेला जोर चढला तो स्कॉटलंडांत. १८१० सालीं तेथील रुथवेल नांवाच्या खेड्यांत हेन्री डंकन या पाद्र्यानें आपल्या गांवकऱ्यांसाठीं अशी एक पेढी काढली. मोठ्या पेढ्यांच्या दारांत गरिबाच्या चिल्लरीला किंमत नव्हती. डंकनची पेढी सहा पेन्सहि घेई. हें बीं फार लवकर रुजलें. इंग्लंडांत त्याचा एक फांटा १८६१ सालीं पोस्टखात्यांत शिरला, आणि १८८२ पासून आपल्याकडील पोस्टांत जें पासबुक मिळूं लागलें तेंहि याच वंशांतलें. अटलांटिकच्या पलीकडे तें बीं नेलें कॉन्डी रॅगे नांवाच्या व्यापाऱ्यानें. १८१६ च्या नोव्हेंबरांत त्यानें आपल्या मित्रांपुढें ही कल्पना मांडली, आणि २ डिसेंबर रोजीं पेढी उघडलीसुद्धां! आपल्याकडे तेव्हां पेशवाई अजून उभी होती. ती बुडण्यास दीड वर्षाचा अवकाश होता. पेढीचा पहिला ठेवीदार म्हणजे रॅगेच्याच घरचा कृष्णवर्णीय नोकर, कर्टिस रॉबर्ट्स. त्यानें ५ डॉलर ठेवले. त्याच डिसेंबरांत बॉस्टनच्या अशाच एका पेढीला सरकारी सनद मिळाली. फिलाडेल्फियाच्या पेढीला ती १८१९ सालीं मिळाली. तेव्हां अग्रपूजेचा मान सनदेला द्यावा कीं प्रत्यक्ष व्यवहाराला, असा एक वाद त्या दोन शहरांत आहे. आपल्याला त्यांत पडण्याचें कारण नाहीं.

कारण आहे तें वेगळ्याच गोष्टींत लक्ष घालण्याचें. या पेढीला भागधारक नव्हते. भांडवल घालून नफ्याची वाट पाहणारा कोणी मालक तिच्यामागें उभा नव्हता. ठेवी घ्याव्या, त्या सुरक्षित ठिकाणीं गुंतवाव्या, आलेल्या उत्पन्नांतून खर्च व राखीव निधि वजा करून उरेल तें व्याजरूपानें ठेवीदारांस द्यावें, एवढाच तिचा धर्म. शहरांतील प्रतिष्ठित गृहस्थ तिचा कारभार पाहत, पण पेढी त्यांची नव्हे, ती ठेवीदारांची. या व्यवस्थेंतून एक विचित्र पेंच निर्माण होतो, आणि तो या पेढीच्या प्रत्येक घराला लागू आहे. घर साधें बांधावें तर ठेवीदाराला भरंवसा वाटत नाहीं. भव्य बांधावें तर तो भव्यपणा त्याच ठेवीदाराच्या व्याजांतून येतो. मोलकरणीला आधार वाटावा म्हणून जो संगमरवर आणावयाचा त्याचें मोल तिनेंच द्यावयाचें! या पेंचांतून पेढी कशी सुटली, किंवा सुटली नाहीं, तें तिच्या घरांतून पाहावें.

पहिलीं वीसपंचवीस वर्षें तिनें लहानसहान जागांत काढलीं. पहिलें मुद्दाम बांधिलेलें घर वॉलनट स्ट्रीटवर १८३९-४० मध्यें उभें राहिलें. त्याचा स्थापत्यकार थॉमस वॉल्टर. पुढें वॉशिंग्टन येथील संसदभवनाचा ओतीव लोखंडाचा प्रचंड घुमट ज्यानें रचला तोच हा. त्या काळीं वॉल्टर ग्रीक पद्धतीच्या स्थापत्याचा धुरीण म्हणून गाजत होता, आणि फिलाडेल्फियांत पेढी म्हणजे ग्रीक मंदिर असें समीकरणच झालें होतें. तें समीकरण रूढ करणारें घर तेथून चालत कांहीं मिनिटांवर, चेस्टनट स्ट्रीटवर होतें. विल्यम स्ट्रिकलंड यानें १८१८ ते १८२४ या काळांत युनायटेड स्टेट्सच्या दुसऱ्या बँकेसाठीं अथेन्सच्या पार्थेनॉनच्या धर्तीवर संगमरवरी मंदिर उठविलें होतें. खांब डोरिक, शिखर त्रिकोणी, पायऱ्या ऐसपैस. पुढें अध्यक्ष जॅक्सन यानें त्या बँकेशीं वैर धरलें, १८३६ सालीं तिची राष्ट्रीय सनद संपली, आणि १८४१ सालीं ती पार बुडाली. मंदिराचा मात्र चिराहि हलला नाहीं; तें आजहि उभें आहे.

तारखा ताडून पाहिल्या म्हणजे गंमत दिसते. शेजारची मोठी बँक शेवटचे आंचके देत असतां या गरिबांच्या पेढीनें आपल्या घरासाठीं त्याच ग्रीक पंथाचा स्थापत्यकार बोलाविला. आम्हांस यांत अनुकरणापलीकडे फारसें कांहीं दिसत नाहीं. अथेन्सचें स्मरण कोणाला होणार? ज्यांनीं ग्रीक इतिहास वाचला होता त्या विश्वस्तांना. ठेवीदाराला त्यांतून एवढेंच कळणार कीं, ही जागा बड्या लोकांची आहे. आणि बड्या लोकांच्या हातीं पैसा सुरक्षित असतो, अशी त्या काळची, आणि कदाचित् सर्वच काळची, भोळी समजूत. १८५० च्या सुमारास या पेढींत खातीं कोणाचीं होतीं याचा अलीकडच्या इतिहासकारांनीं बारकाईनें अभ्यास केला आहे. त्यांत स्त्रियांचा, आणि त्यांतहि परक्या घरीं राबणाऱ्या मोलकरणींचा भरणा मोठा दिसून येतो. ज्या काळांत विवाहितेच्या मिळकतीवर बहुधा नवऱ्याचा हक्क चाले, त्या काळांत अविवाहित मोलकरणीच्या नांवानें एक वही असणें ही लहान गोष्ट नव्हे. त्या वहीचें मोल आम्ही वॉल्टरच्या दर्शनी भिंतीपेक्षां अधिक समजतों.

दुसरें घर १८६८-६९ मधलें. वॉशिंग्टन स्क्वेअर नांवाच्या बागेसमोर, ॲडिसन हटन या क्वेकरपंथी स्थापत्यकाराचें. येथें मंदिर गेलें आणि ग्रॅनाइटचा वाडा आला. इटलींतील धनिक घराण्यांच्या वाड्यांचें वळण, जाड भिंती, गंभीर तोंडवळा. हें घर पहिल्यापेक्षां आपल्या कामाला अधिक जुळणारें आहे, असें आम्हांस वाटतें. येथें ठेविलेला पैसा कोणी उचलून नेणार नाहीं, एवढी एकच गोष्ट तें सांगतें, आणि ती ठामपणें सांगतें. पुढील तीस वर्षांत तें वाढवावें लागलें, यावरून तें सांगणें लोकांस पटलें असें दिसतें. या घराविषयीं याहून अधिक लिहिण्यासारखें नाहीं. चांगल्या तिजोरीविषयीं तरी आपण किती लिहितों?

तिसऱ्या घराची गोष्ट निराळी आहे. त्यासाठीं तिघां माणसांची ओळख करून घेतली पाहिजे. जेम्स विलकॉक्स हा पेढीचा अध्यक्ष; जुन्या वळणाचा, वयस्क, सावध सावकार. जॉर्ज हाऊ हा फिलाडेल्फियाच्या श्रीमंतांचीं उपनगरांतील देखणीं घरें बांधणारा. १९२० नंतरच्या दशकांत पेढीच्या कांहीं शाखाहि त्यानें बांधिल्या होत्या, आणि त्या सर्व जुन्या प्रतिष्ठित थाटाच्या होत्या. चाळिशी उलटल्यावर या मनुष्यानें आपल्या आजवरच्या कामाकडे पाठ फिरविली, आणि १९२९ सालीं विल्यम लेस्काझ या स्वित्झर्लंडांत जन्मलेल्या, वयानें दहा वर्षांनीं लहान स्थापत्यकाराशीं भागीदारी केली. युरोपांत तेव्हां स्थापत्याचा जो नवा पंथ निघाला होता त्याचें वारें लेस्काझनें आपल्याबरोबर आणलें होतें. एका बाजूस सावध सावकार, दुसऱ्या बाजूस नवमतवादी जोडगोळी. या जुळणींतून कांहीं चांगलें निघेल अशी आशा कोणी करावी असें तिचें लक्षण नव्हतें.

जागा मार्केट स्ट्रीट आणि बाराव्या रस्त्याच्या नाक्यावरची. समोर रेडिंग रेल्वेचें मोठें स्थानक, जवळपास वस्त्रप्रावरणांचीं प्रचंड दुकानें, जमिनीखालीं भुयारी रेल्वे. सरकारी कचेऱ्या व पेढ्यांचा जुना भाग सोडून पेढी गर्दीत आली, ही या घराची पहिली नवी गोष्ट. दुसरी गोष्ट त्याहून धीट. तळमजला, म्हणजे जेथें परंपरेप्रमाणें पेढीचा रुबाबदार दरवाजा आणि खांबांची रांग असावयाची तो, दुकानांना भाड्यानें दिला, आणि पेढीचें व्यवहाराचें दालन एक मजला वर नेलें. वर जाण्यास सरकता जिना. रस्त्याच्या कोपऱ्यावर चकचकीत गडद ग्रॅनाइटची भिंत आणि तीवरील मोठाल्या खिडक्यांच्या कांचा एक सलग वळसा घेऊन वळतात. त्याच दशकांत मुंबईस बॅक बेच्या भरावावर गोलाकार कोपऱ्यांच्या इमारती उठल्या. त्या पाहिलेल्या वाचकाला हा वळसा ओळखीचा वाटेल. फरक एवढाच कीं, आपल्याकडे तो बहुधा डौलासाठीं येतो. येथें तो नाक्यावरून वळणाऱ्या गर्दीच्या अंगानें आला आहे.

हें दालन वर नेणें आम्हांस या सर्व घरांतील सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. रस्त्यालगतच्या जागेचें भाडें सर्वांत जास्त. तेथें पेढीनें स्वतः बसून दिमाख दाखविण्याऐवजीं तें भाडें मिळवावें, आणि तें ठेवीदारांच्या कामास यावें. आम्ही आरंभीं जो पेंच सांगितला, भव्यपणा कोणाच्या पैशानें, त्याला या पेढीनें दिलेलें हें पहिलें सरळ उत्तर. वरील मजलेहि त्याच हिशेबानें बांधिले. ३६ मजल्यांच्या या मनोऱ्यांतील बहुतेक जागा भाडेकरूंच्या कचेऱ्यांसाठीं होती. शिवाय सबंध इमारतींत हवा थंड ठेवण्याची यंत्रणा बसविली. एवढ्या उंच इमारतींत अशी सोय अमेरिकेंत त्यापूर्वीं फक्त टेक्ससमधील एका इमारतींत झाली होती. मंदीच्या दिवसांत भाडेकरू मिळणें कठीण झालें तेव्हां ही सोय मोठें आमिष ठरली.

इमारतीच्या बाह्यांगाविषयीं सावकार आणि स्थापत्यकार यांच्यांत जो वाद झाला तो प्रसिद्ध आहे, आणि आमच्या मतें त्याचा अर्थ बहुधा उलटा लाविला जातो. हाऊ आणि लेस्काझ यांच्या मनांत मजले आडव्या पट्ट्यांसारखे एकावर एक रचावयाचे, खांब आंत दडवावयाचे, असें होतें. नव्या पंथाचा तो जणूं दंडकच होता: लोखंडी सांगाडा ओझें वाहतो, भिंत वाहत नाहीं, मग भिंतीनें ओझें वाहण्याचें सोंग कां आणावें? विलकॉक्सला तें रुचेना. उंच इमारत उंच दिसली पाहिजे, तिच्या रेषा वर गेल्या पाहिजेत, हा त्याचा हट्ट. शेवटीं खांब भिंतीच्या बाहेर आणले गेले. लांब बाजूंवर फिकट दगडानें मढविलेले खांब सरळ वर चढतात, आणि त्यांच्या मागें करड्या विटांचे आडवे पट्टे जातात. मार्केट स्ट्रीटकडील अरुंद तोंडाला मात्र खांब नाहींत. तेथें मजले सज्ज्यासारखे अधांतरी पुढें आले आहेत आणि आडव्या रेषांना मोकळें रान मिळालें आहे. मागील अंगास काळ्या चकाकत्या विटांचा एक उभा कणा, त्यांत पाळणे व जिने. म्हणजे बाजूनें पाहावें तों अध्यक्षाचें मत, समोरून पाहावें तों स्थापत्यकारांचें, आणि मागून पाहावें तों निव्वळ उपयोग.

पंथाभिमानी टीकाकार याला तडजोड म्हणून नाक मुरडतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. खांब बाहेर आल्यामुळें आंतील खोल्या मोकळ्या झाल्या, हा झाला व्यवहार. पण त्याहून महत्त्वाचें हें कीं, खांब बाहेर दिसूं लागल्यामुळें इमारत कशाच्या बळावर उभी आहे हें रस्त्यावरच्या माणसाला कळूं लागलें. भिंत ओझें वाहत नाहीं हें सत्य सांगण्याचे दोन मार्ग आहेत. एक, वाहणारा लपवून ठेवावा. दुसरा, वाहणारा दाखवावा. पंथानें पहिला पसंत केला होता. सावकाराच्या हट्टानें दुसरा घडवून आणला. लोकांच्या पैशाचें ओझें कोण वाहतो हें उघड्यावर असावें, ही बुद्धि एखाद्या बचतपेढीच्या अध्यक्षाला सुचावी यांत आश्चर्य नाहीं. त्यानें तें अशा शब्दांत मांडलें असेल असें आम्ही म्हणत नाहीं. त्याला कदाचित् उंचीच फक्त हवी होती. परंतु कलेंत हेतूपेक्षां फळाला मान द्यावा लागतो.

आंतील कामाविषयीं मात्र आम्ही एवढे संतुष्ट नाहीं. व्यवहाराचें दालन उत्तम आहे. दोन मजल्यांची उंची, उजेड मुबलक, संगमरवर उंची पण कोठेंहि पानफूल नाहीं, पुतळा नाहीं, कमान नाहीं. पांच डॉलर घेऊन येणाऱ्याला दबकून जावें लागेल असें तेथें कांहींच नाहीं. किंमत द्रव्यांत आहे, आविर्भावांत नाहीं. पण ३३ व्या मजल्यावर विश्वस्तांसाठीं जीं दालनें केलीं तीं पाहिलीं म्हणजे मन थोडें खट्टू होतें. दुर्मिळ लांकडांच्या भिंती, आबनुशी मेजें, बाहेर गच्ची, आणि खालीं सारें शहर. इमारतीला एकंदर खर्च सुमारें ८० लाख डॉलर आला, आणि ती पुरी झाली १९३२ सालीं. त्या वर्षीं अमेरिकेंत लाखों माणसें कामाच्या शोधांत फिरत होतीं आणि पेढ्या धडाधड बुडत होत्या. पुढल्याच मार्चांत रूझवेल्टनें देशांतील सर्व पेढ्या कांहीं दिवस बंद ठेविल्या. अशा वेळीं खालच्या दालनाचा संगमरवर ठेवीदाराला धीर देतो, म्हणून तो क्षम्य, नव्हे, योग्यच. तेहतिसाव्या मजल्यावरचें आबनूस कोणाला धीर देत होतें? कारागिरी अप्रतिम आहे, हें आम्ही मान्य करतों. पण ज्या घराची सगळी थोरवी हिशेबाच्या सचोटींत आहे त्या घरांत हा एक आंकडा जुळत नाहीं.

माथ्यावरील अक्षरांविषयीं लिहिलें पाहिजे. पी. एस्. एफ्. एस्. हीं पेढीच्या नांवाचीं चार आद्याक्षरें, प्रत्येक २७ फूट उंच, तांबड्या निऑनच्या प्रकाशांत रात्रीं कित्येक मैलांवरून दिसत. एवढ्या मोठ्या इमारतीवर नुसतीं आद्याक्षरें लावणें त्या वेळीं चमत्कारिक होतें. पूर्ण नांव लिहावें तर तें लांबून वाचतां येत नाहीं, हा साधा विचार त्यामागें होता. शिवाय या फलकाच्या आड हवा थंड करणारीं यंत्रें झांकलीं गेलीं. त्या शहरांत नगरभवनाच्या ५४८ फूट उंच मनोऱ्यावर संस्थापक विल्यम पेन याचा पुतळा आहे, आणि त्याच्या टोपीहून उंच कोणी बांधूं नये असा अलिखित संकेत होता. तो १९८७ पर्यंत पाळला गेला. आमची पेढीहि ४९१ फुटांवर थांबली. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ फिलाडेल्फियाच्या आकाशांत ठळक अशा दोनच खुणा होत्या: शहर वसविणारा क्वेकर आणि लोकांची बचतपेढी. शाळेंतल्या मुलांनाहि पेढीचीं पासबुकें मिळत, आणि वर्गांतच ठेव जमा होई. त्या मुलांना तीं चार अक्षरें मुळाक्षरांइतकीं परिचयाचीं झालीं होतीं. आजच्या जाहिरातदारांनीं हेवा करावा अशी ही गोष्ट. पण जाहिरातदारापाशीं जें नसतें तें या अक्षरांपाशीं होतें. मंदीच्या वावटळींत ही पेढी बुडाली नाहीं.

बुडाली ती साठ वर्षांनीं, आणि निराळ्या कारणांनीं. बचतपेढ्यांचा पैसा बव्हंशीं लोकांच्या घरांवर दीर्घ मुदतीनें व ठराविक व्याजानें दिलेला असे. १९७० नंतरच्या दशकांत बाजारांतील व्याजाचे दर भडकले. ठेवीदारांस जास्त द्यावें लागे, कर्जदारांकडून मात्र जुन्या दरानेंच येई. अमेरिकेंतील या वर्गाच्या बहुतेक पेढ्या त्यामुळें पोखरल्या गेल्या. १९८२ सालीं त्याच शहरांतील 'वेस्टर्न सेव्हिंग फंड सोसायटी' ही दुसरी जुनी बचतपेढी कोसळण्याच्या बेतास आली, तेव्हां सरकारी ठेवविमा मंडळाच्या पुढाकारानें आमच्या पेढीनें ती आपल्यांत सामावून घेतली. तिच्या मिळकतींत जी तूट होती ती 'गुडविल' म्हणून वहींत भांडवलाच्या बाजूस मांडावी आणि वर्षानुवर्षें हळूहळू फेडावी, अशी सवलत मिळाली. खड्डा पडला असतां त्याला विहीर म्हणून नोंदवावें, त्यांतला हा प्रकार! १९८३ सालीं पेढीनें भाग विक्रीस काढले, आणि ठेवीदारांची पेढी भागधारकांची झाली. मग 'मेरिटर' असें नवें नांव आलें, दूरदूरच्या धंद्यांत हात घातले गेले, आणि तोटा वाढत गेला. पुढें पेढीच्या कांहीं शाखा, आणि त्यांबरोबर तीं चार अक्षरेंहि, मेलन नांवाच्या मोठ्या बँकेस विकण्यांत आलीं. इकडे सरकारी नियंत्रकांनीं गुडविलाची पूर्वीं दिलेली सवलत नाकारली, आणि ११ डिसेंबर १९९२ रोजीं पेढीला टाळें लागलें. उरलेलें सारें मेलनकडे गेलें. यावर भागधारकांनीं सरकारवर खटला भरला, तो वर्षानुवर्षें चालला, आणि सरकारनें दिलेला शब्द मोडला असा निकाल न्यायालयानें दिला. तो निकाल कायद्याच्या दृष्टीनें रास्तच असेल. पण त्यांत ज्यांची भरपाई झाली ते १९८३ नंतरचे भागधारक. रॅगेनें ज्यांच्यासाठीं पेढी काढली ते ठेवीदार त्या खटल्यांत कोठेंच नव्हते. त्यांचे पैसे ठेवविम्यानें राखले. त्यांची पेढी मात्र कधीं त्यांची होती हें कोणाच्या ध्यानींहि आलें नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, घरानें दिलेलें वचन खोटें ठरलें काय? स्ट्रिकलंडच्या पार्थेनॉनबद्दल असें म्हणतां येईल. तें मंदिर पहिल्यापासून आंतल्या व्यवहारापेक्षां मोठ्या गोष्टी बोलत होतें. हाऊ-लेस्काझ यांच्या मनोऱ्याबद्दल आम्ही तसें म्हणणार नाहीं. त्यानें कांहींच वाढवून सांगितलें नव्हतें. भाडें कोठून येतें, ओझें कोण वाहतो, ठेवीदारानें कोठून चढावें, हें सर्व त्यानें उघड्यावर मांडलें होतें. ज्या दिवशीं वहींत तूट ही मिळकत म्हणून लिहिली गेली त्या दिवशीं पेढीनें या घराची रीत सोडली. घर होतें तेथेंच राहिलें. कांहीं स्थापत्यप्रेमी याचा अर्थ असा करतात कीं, इमारत वांचली म्हणजे सारें वांचलें. तेंहि आम्हांस पटत नाहीं. पेढीचें घर चांगलें कां, याचें उत्तर पेढीच्या कामांत होतें. काम गेल्यावर उरतें तें सौंदर्य खरें असलें तरी अर्ध्या अर्थाचें.

१९७६ सालीं इमारतीला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला होता. २००० सालीं ती हॉटेल म्हणून पुन्हां उघडली. कचेऱ्यांच्या मोकळ्या खोल्या पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. विलकॉक्सच्या हट्टानें बाहेर गेलेले खांब येथेंहि उपयोगीं पडले असावेत, असा आमचा तर्क आहे. पेढीच्या दालनांत आतां मेजवान्या व समारंभ होतात. इमारत ओस पाडण्यापेक्षां हें शतपट बरें, यांत शंका नाहीं, आणि काम करणारांनीं जुन्या गोष्टी राखण्यांत जी काळजी घेतली ती प्रशंसनीय आहे. माथ्यावरील चार अक्षरेंहि काढलीं नाहींत. हॉटेलाला स्वतःचें नांव तेथें लावावें असा मोह झाला नसेल असें नाहीं. पण तीं अक्षरें तशींच राहिलीं, आणि ज्या पेढीचें नांव तीं सांगतात ती नाहींशी झाल्यावरहि रात्रीं लागत राहिलीं. तीं उतरवावीं असें म्हणणारा एखादा तर्कशुद्ध मनुष्य भेटला, तर त्याच्याशीं आम्ही वाद घालूं. फक्त आंत सरकत्या जिन्यापाशीं एक लहानशी पाटी असावी, आणि तीवर विलकॉक्स, हाऊ, लेस्काझ यांच्या आधीं कर्टिस रॉबर्ट्सचें नांव आणि ५ डॉलर हा आंकडा असावा, एवढें आमचें मागणें आहे.